भक्कम पण उचलून नेता येणारा शूटिंग बेंच बनवून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शूटिंग बेंच म्हणजे बसून, रायफल टेकवून नेम धरायचं टेबल. रेंजवर मी तो मांडत असलो की हमखास कोणीतरी थांबतं, फळीवर हात दाबून पाहतं आणि विचारतं, "हा कुठून बनवून घेतला?" पुढचे प्रश्नही बहुतेक वेळा तेच असतात. पाय तीनच का, प्लाय किती जाड, गाडीत मावतो का, वेल्डरला नेमकं काय सांगायचं. ती सगळी उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे. बेंच बनवून घेताना मी स्वतः ज्या चुका केल्या, त्याही यात आहेत.

तयार घडीचा बेंच मिळत असताना मुद्दाम बनवून का घ्यायचा?

झिरो करण्यापुरतं (गोळी स्कोपच्या खुणेवर लागेल असं जुळवण्यापुरतं) वर्षातून दोनदा बसायचं असेल तर घडीचा बेंच पुरतो. पण गोळ्यांची तुलना करायची असेल, स्कोप पारखायचा असेल किंवा रायफल खरी किती अचूक आहे ते समजून घ्यायचं असेल, तर घडीच्या बेंचची बिजागरी आड येते. घडी व्हायची म्हणजे बिजागरीत थोडी मोकळीक ठेवावीच लागते, आणि ती मोकळीक थेट टार्गेटवर दिसते.

माझा पहिला बेंच चार पायांचा, घडीचा होता. ५० मीटरवर ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) दोन गठ्ठ्यांत पडायचे. चार गोळ्या एका जागी, तीन तिथून बोटभर उजवीकडे. मी स्कोपचे माउंट आवळले, गोळ्या बदलल्या, रायफलच्या दस्त्याचे स्क्रू पुन्हा कसले. दोन महिने त्यात गेले. मग एके दिवशी मागे उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी सांगितलं, "कोपर टेकवता तेव्हा एक गठ्ठा, उचलता तेव्हा दुसरा." त्यांचं अगदी बरोबर होतं. कोपराचा भार आला की एक बिजागरी आपली जागा बदलत होती. रायफलीत काहीच दोष नव्हता.

"भक्कम" म्हणजे नेमका किती भक्कम?

याचं उत्तर आकड्यांत घ्यावं. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मिनिट, नेमबाजांच्या बोलीत एक एमओए. १०० मीटरवर तो साधारण २९ मिमी भरतो, ५० मीटरवर साडेचौदा. ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो. म्हणजे नळी एका मिनिटाने जरी फिरली तरी दहा हातचा जातो.

आता बेंचकडे या. पुढचा रेस्ट (रायफलचा पुढचा भाग टेकवायचा आधार) आणि दस्त्याखालची मागची पिशवी यांच्यात ५० सेंमी अंतर धरलं, तर मागची बाजू ०.१५ मिमी वर किंवा खाली झाली की नळी एक मिनिट फिरते. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. म्हणजे दीड कागदाच्या जाडीची हालचाल झाली की झालं. तेच अख्खा बेंच कलण्याबद्दल पाहिलं, तर पुढच्या आणि मागच्या पायांत एक मीटर अंतर असताना एक बाजू ०.२९ मिमी खचली की तेवढाच फरक पडतो.

घाबरून जाऊ नका, कारण प्रत्येक गोळीला आपण नव्याने नेम धरतो. पाय मातीत हळूहळू खचत असेल तर ते आपोआप सुधारलं जातं. घात करते ती नेम धरल्यानंतर, चाप दाबताना होणारी हालचाल: श्वास, छातीचा टेकू, कोपराचा भार आणि त्याने डुगडुगणारा सांधा. म्हणून बेंच बनवताना सगळं लक्ष सांध्यांवर द्यायचं. फळी आणि पाइप जाड घेणं सोपं आहे, सांधा घट्ट करून घेणं अवघड.

पाय तीन की चार?

तीन. कोणतेही तीन बिंदू एका पातळीत असतातच, त्यामुळे तीन पायांचा बेंच खडबडीत जमिनीवरही तिन्ही पाय टेकून उभा राहतो. चार पायांचा बेंच घरातल्या फरशीवर छान बसतो आणि मैदानात गेला की एक पाय अधांतरी. मग पायाखाली चपटा दगड सरकवायचा, दोन गोळ्या झाल्या की तो निसटतो.

तीन पायांचं एक पथ्य मात्र पाळावं लागतं. तिन्ही टाचा, म्हणजे पायांची खालची टोकं, जोडून होणाऱ्या त्रिकोणाच्या बाहेर भार पडला की बेंच उलटू पाहतो. म्हणून लोखंड कापायच्या आधी जमिनीवर खडूने फळीचा आकार खऱ्या मापात काढा. त्यावर तिन्ही टाचा कुठे येतील तिथे फुल्या मारा, फुल्या रेघांनी जोडा. मग स्टूल ठेवून बसा आणि कोपर कुठे टेकेल ते बघा. कोपराची जागा त्रिकोणाच्या आत आली पाहिजे. अर्ध्या तासाचं काम आहे, पण माझ्या दुसऱ्या बेंचच्या वेळी मी ते केलं नाही आणि मागचा पाय पुन्हा कापून वेल्ड करावा लागला.

फळीचा आकार कसा असावा?

पुढे रुंद आणि मागे अरुंद, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा. पुढची आडवी पट्टी १०० ते ११० सेंमी रुंद, मागे येणारी दांडी सुमारे ४० सेंमी रुंद, आणि पुढून मागे एकूण लांबी एक मीटर. दोन पाय पुढच्या पट्टीखाली, एक पाय दांडीखाली.

उजव्या खांद्यावर रायफल धरणारा दांडीच्या डावीकडे बसतो, उजवा हात दांडीवर टेकवतो. डावखुरा उजवीकडे बसतो. म्हणून टी आकार दोघांनाही चालतो. बेंच फक्त तुम्हीच वापरणार असाल तर एका बाजूची खाच न कापता एल आकार करता येतो, त्यात दुसऱ्या बाजूला डबी, दुर्बीण, वही ठेवायला जागा मिळते. पण क्लबमध्ये चार जण वापरणार असतील तर टीच करा. डावखुऱ्या नेमबाजाला उजव्यांसाठी कापलेल्या बेंचवर बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि हे रेंजवर फार वेळा घडतं.

खाचेच्या कडा गोल करून घ्या. छाती तिथे टेकते, धारदार कड तासाभरात बरगडीला जाणवते.

पुढच्या कडेला वस्तू घरंगळू नयेत म्हणून पट्टी ठोकायचा मोह होतो. तो टाळा. स्कोप नळीच्या चार-पाच सेंमी वर असतो, त्यामुळे स्कोपमधून मोकळं दिसत असतानाही नळीसमोर पट्टी आलेली असू शकते. हवी तर पट्टी दोन्ही बाजूंना लावा, पुढे नको. आणि नळीचं तोंड नेहमी फळीच्या कडेबाहेर राहील असाच रेस्ट मांडा.

उंची किती ठेवायची?

दुसऱ्याच्या बेंचचं माप घेऊ नका. तुमच्या धडाची लांबी, रेस्टची उंची आणि दस्त्याचा आकार यांवर ते अवलंबून आहे. बहुतेकांची फळी जमिनीपासून ७५ ते ८५ सेंमीवर आणि बैठक ४५ ते ५० सेंमीवर येते, पण मधल्या दहा सेंमीतच मान अवघडायची की नाही ते ठरतं.

माप घरीच घ्या. रायफल रिकामी आहे हे उघडून, डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. ज्या उंचीच्या स्टुलावर बसणार आहात त्यावर बसा. समोर टेबल, त्यावर रेस्ट, आणि रेस्टखाली वह्या-पुस्तकांची चळत. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर ठेवा, मग डोळे उघडा. स्कोपमधून पूर्ण चित्र दिसलं आणि मान पुढे ताणावी लागली नाही, तर ती उंची तुमची. नाहीतर पुस्तकं कमी-जास्त करा. रेस्टच्या बुडापासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कोणाला तरी टेपने मोजायला सांगा. तुम्ही वाकून मोजायला गेलात की बसणं बदलतं.

फळीसाठी कोणतं लाकूड?

मरीन प्लाय. उकळत्या पाण्यात न सुटणाऱ्या डिंकाने चिकटवलेला असतो, त्यामुळे दव, पाऊस, ओलं गवत याने थर सुटत नाहीत. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड अजिबात नकोत, एकदा कड भिजली की फुगते आणि तिथला स्क्रू निघून येतो. सागवानाची अखंड फळी सुंदर दिसते, पण ऋतूप्रमाणे फुगते-आकसते, आणि फळी जराशी वाकली की खालच्या चौकटीचे बोल्ट ताणले जातात.

जाडीबद्दल एक हिशोब लक्षात ठेवा. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. १८ मिमीऐवजी २५ मिमी घेतला तर अडीचपटीहून जास्त. पण १८ मिमीच्या दोन फळ्या नुसत्या एकावर एक ठेवून स्क्रूने पकडल्या तर ताठपणा जेमतेम दुप्पट होतो. आठपट हवा असेल तर दोन्ही फळ्या पूर्ण पृष्ठभागावर डिंक लावून, वजनं ठेवून एकजीव चिकटवाव्या लागतात. सुतार कधीकधी नुसत्या कडांना डिंक लावून वेळ वाचवतात, तिथे उभं राहून पाहा.

प्लायची पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची असते, मधोमध कापली की चार बाय चारचे दोन तुकडे मिळतात. एक मीटरचा टी अशा एका तुकड्यातून निघतो. म्हणजे दोन थरांचा बेंच एका शीटमध्ये होतो.

उचलून न्यायच्या बेंचसाठी मी २५ मिमीचा एकच थर आणि खाली लोखंडी चौकट असंच करतो. दोन थर एकाच जागी राहणाऱ्या बेंचला.

पाय लोखंडाचे की ॲल्युमिनियमचे?

ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ताठपणाही एक तृतीयांश असतो, हे सांगितलं जात नाही. त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पाइप लोखंडी पाइपच्या तिप्पट वाकतो. तो ताठ करायचा तर पाइप मोठा घ्यावा लागतो, आणि वजनातला बराच फायदा तिथेच जातो. शिवाय ॲल्युमिनियमचं वेल्डिंग हे वेगळं कौशल्य आहे, आणि वेल्डजवळ धातू मऊ पडतो. हातखंडा असलेला कारागीर मिळाला तर जरूर करा. नाहीतर लोखंडी चौकोनी पाइप.

माप ४० बाय ४० मिमी, जाडी ३ मिमी. मीटरला साडेतीन किलोच्या आसपास भरतो. २५ बाय २५ चा पाइप घेऊन वजन वाचवू नका. त्याच जाडीत ४० चा पाइप २५ च्या चौपटीहून ताठ असतो आणि वजन दुपटीलाही पोचत नाही.

पाय फळीला कसे जोडायचे? सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

हो, आणि याच प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा.

बिजागरी नको, हे वर आलंच आहे. पाय पूर्ण सुटे व्हावेत आणि घरात घुसावेत. घर म्हणजे चौकटीला तिरकं वेल्ड केलेला मोठ्या पाइपचा तुकडा. ४० चा पाय असेल तर घर ५० बाय ५० चं, ४ मिमी जाडीचं घ्या. त्याची आतली पोकळी ४२ मिमी होते, म्हणजे पायाभोवती एकेक मिलिमीटर जागा उरते. ३ मिमी जाडीचं घर घेतलं तर पोकळी ४४ होते आणि पाय खुळखुळतो. घराची खोली किमान १५ सेंमी हवी. उथळ घरात पाय कितीही आवळला तरी तो हलत राहतो.

एवढं केलं तरी ती दोन मिलिमीटरची मोकळीक आहेच. बहुतेक वेल्डर घराच्या एका बाजूला नट वेल्ड करून बोल्ट देतात. बोल्ट आवळला की पाय समोरच्या भिंतीला चिकटतो, पण आडवा मात्र मोकळाच राहतो. यावर साधा उपाय आहे: बोल्ट बाजूला न देता कोपऱ्यावर द्या. घराची एक उभी कड ग्राइंडरने थोडी सपाट करायची, तिथे भोक पाडायचं आणि वर एम१२ चा (१२ मिमीच्या बोल्टचा) नट वेल्ड करायचा. बोल्ट आवळला की पाय समोरच्या कोपऱ्यात ढकलला जातो आणि दोन भिंतींना एकदम टेकतो. असे दोन बोल्ट, एक घराच्या तोंडाशी आणि एक आत खोलवर. हे पहिल्यांदा करून घेतलं तेव्हा पाय हाताने हलवून पाहिला. चौकट आणि पाय एकाच धातूतून ओतल्यासारखे वाटले. त्या दिवसापासून मी दुसरी कोणतीही पद्धत वापरलेली नाही.

वेल्डरला सांगायच्या बारीक गोष्टी आहेत. पाइपच्या आत जोडाची एक उभी वेल्डची रेघ असते, ती घरात कानशीने साफ करून घ्यायची किंवा बोल्टच्या कोपऱ्याकडे ठेवायची. नट वेल्ड करताना त्यात एखादा जुना बोल्ट घालून ठेवायचा, नाहीतर आट्यांवर छर्रे उडतात. नट काळाच घ्यायचा, जस्त चढवलेला वेल्ड केला की निघणारा धूर कारागिराच्या छातीत जातो. आणि प्रत्येक घराला व त्याच्या पायाला पंचने एक, दोन, तीन खुणा करून घ्या. पाय ज्या घरात पहिल्यांदा बसला, कायम त्याच घरात बसावा.

पायाचा तिरकेपणा १५ अंश पुरतो. ७५ सेंमी उंचीला टाच २० सेंमी बाहेर जाते. २० अंशांपलीकडे गेलात तर पाय फाकू पाहतात आणि सगळा ताण घराच्या वेल्डवर येतो.

चौकट फळीला लाकडी स्क्रूने बसवू देऊ नका. आरपार एम८ चे बोल्ट, वरून डोकं फळीत बुडवलेलं, खाली मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा). स्क्रू वर्षभरात ढिले होतात, बोल्ट पुन्हा आवळता येतात.

बैठक बेंचलाच जोडलेली हवी का?

जोडलेल्या बैठकीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तुमच्या वजनाने बेंच दाबून राहतो. ते खरं आहे. पण त्याच वाटेने तुमची प्रत्येक हालचालही फळीपर्यंत पोचते. तुम्ही मांडी सरकवली की स्कोपमधली नेमाची फुली (क्रॉसहेअर) सरकते. मी सुटं स्टूल वापरतो आणि तेच सुचवतो. वजन कमी पडतंय असं वाटलं तर चौकटीच्या मधोमध एक हूक लावून घ्या आणि रेंजवर पोचल्यावर त्याला वाळूची पिशवी टांगा, अशी की तिचं बूड जमिनीला जेमतेम टेकेल आणि ती झुलणार नाही.

फिरतं स्टूल नको. त्याचा खिळा कुरकुरतो आणि नेम धरताना शरीर नकळत वळतं.

एकूण वजन किती होईल? एकट्याला नेता येईल का?

२५ मिमीच्या एका थराचा टी साधारण १२ किलो, खालची चौकट घरांसकट ८ ते १० किलो, तीन पाय मिळून साडेआठच्या आसपास. एकूण तीस किलो धरा. ऐकायला जास्त वाटतं, पण पाहायचा आकडा वेगळा आहे: एका वेळी सर्वात जड तुकडा किती? इथे तो चौकटीसकट फळी, २०-२२ किलो. पाय पिशवीत घालून वेगळे जातात. फळीच्या दांडीत हाताला धरायला एक लांबट भोक पाडून घ्या, गुरुत्वमध्याजवळ, म्हणजे ती बगलेत सुटकेससारखी नेता येते.

वजन कमी करायला फळीचे दोन तुकडे करून मध्ये कडी लावायची कल्पना प्रत्येकाच्या डोक्यात येते. रेस्ट आणि पिशवी ज्या पट्ट्यावर आहेत तो पट्टा अखंडच राहिला पाहिजे. आडव्या पट्टीचे दोन्ही कान सुटे केले तर मला हरकत दिसत नाही.

गाडीच्या मागच्या दाराचं माप आधी घ्या. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

आधी सुताराकडे जायचं की वेल्डरकडे?

आधी वेल्डरकडे. चौकट तयार झाली की ती फळीवर ठेवून भोकांच्या खुणा करता येतात. उलट केलं तर वेल्डिंगने चौकट थोडी ओढली जाते आणि भोकं जुळत नाहीत.

सोबत कागदावर चित्र न्या. तीन बाजूंनी काढलेलं, सगळी मापं मिमीमध्ये, एकाच एककात. फूट-इंच आणि सेंमी मिसळलेल्या चित्रावरून बनवलेला माझा एक पाय चार सेंमी आखूड झाला होता. तोंडी सांगितलेलं काम तोंडीच विरून जातं.

शक्य असेल तर पुठ्ठ्याचा १५ अंशांचा साचा कापून द्या. कारागिराच्या हातात कोनमापक असतोच असं नाही, पण साचा टेकवून घर उभं करणं त्याला सोपं जातं. तिन्ही घरांना आधी नुसते टॅक (वेल्डचे छोटे तात्पुरते ठिपके) मारायला सांगा, पाय घालून बेंच उभा करा, गुण्या आणि लेव्हल लावून पाहा, मगच फुल वेल्ड. टॅक तोडता येतो, फुल वेल्ड कापावा लागतो. आणि चौकट कशासाठी आहे ते कारागिराला मोकळेपणाने सांगा. खुर्ची समजून केलेलं काम आणि कागदभर जाडीसाठी केलेलं काम यांत फरक पडतो. माझ्या वेल्डरने कारण ऐकल्यावर स्वतःहून घरांना बाहेरून त्रिकोणी पत्र्याचे टेकू दिले. ते मला सुचलंच नव्हतं.

मऊ माती, वाळू, काँक्रीट: टाचा कशा असाव्यात?

मातीवर टोकदार खिळा उत्तम. वाळूत किंवा चिखलात खिळा घुसतच राहतो, तिथे दहा सेंमीची चौकोनी लोखंडी पाटी हवी. काँक्रीटवर कडक रबर. तिन्हीसाठी वेगवेगळे पाय करायची गरज नाही. पायाच्या बुडाला एम१६ चा नट वेल्ड करून घ्या आणि खिळा, पाटी, रबर असे तीन संच त्या आट्यांवर बसतील असे बनवा. पुढच्या दोन पायांत हेच आटे थोडे लांब ठेवले तर बेंच लेव्हलही करता येतो, खाली लॉक नट मात्र आवळायलाच हवा. मोकळा आटा म्हणजे पुन्हा तोच डुगडुगणारा सांधा.

रंग आणि फिनिश?

लोखंडाला प्रायमर आणि ऑइल पेंट पुरतो. पावडर कोटिंग टिकाऊ, पण घरांच्या आत कोटिंग जाऊ देऊ नका, पाय बसेनासे होतात. आतून फक्त पातळ ग्रीस. पायांची वरची टोकं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा. प्लायच्या कडा सगळ्यात जास्त पाणी पितात, म्हणून पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन हात वर आणि कडांना तीन.

फळीवर गालिचा चिकटवायची पद्धत आहे. हाताला छान लागतो, पण रेस्टचे पाय त्यात रुततात. मी फळी उघडी ठेवतो आणि फक्त कोपराच्या जागी पातळ रबर लावतो.

एअर रायफलसाठी एवढा खटाटोप हवा का?

१० मीटरवर पेलेटची (एअर रायफलच्या छर्‍याची) पारख करायची असेल तर हवाच. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. एवढं लक्षात ठेवा की स्प्रिंगची एअर रायफल कडक रेस्टवर नीट ग्रुप देत नाही, तिला मऊ आधार आणि हलकी पकड लागते. बेंच मात्र तितकाच घट्ट हवा.

ताब्यात घेताना कशी तपासणी करायची?

लेझर पॉइंटर घ्या. बेंच वर्कशॉपच्या अंगणातच उभा करा. पॉइंटर फळीच्या मधोमध चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि २० मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा. त्या वाटेत कोणी येणार नाही आणि कोणाच्या डोळ्यांवर तो पडणार नाही याची खात्री करा. ठिपक्याभोवती पेन्सिलने गोल काढा. २० मीटरवर एक मिनिट म्हणजे ५.८ मिमी.

आता कोपर टेका, उचला. फळीच्या कोपऱ्यावर बोटाने टिचकी मारा. छाती टेकवून श्वास घ्या. ठिपका हलणारच, पाहायचं ते हे की तो परत त्याच जागी येतो का. वाकून परत येणं हा धातूचा स्वभाव आहे. दुसऱ्या जागी जाऊन बसणं म्हणजे कुठला तरी सांधा सरकतो आहे. मग एकेक पाय हाताने धरा आणि कोणाला तरी फळी दाबायला सांगा. ज्या पायात बोटांना "टक" जाणवेल तिथे दोष. कारागीर समोर असतानाच शोधा, घरी नेल्यावर नव्हे.

रेंजवर स्वतःचा बेंच चालतो का?

आधी विचारून घ्या. काही रेंजवर फायरिंग लाइनवर स्वतःचं सामान मांडायला मनाई असते. चालत असेल तर तुमची नळी शेजाऱ्यांच्या रेषेच्या मागे राहणार नाही अशी जागा निवडा. आणि लोक टार्गेट बदलायला पुढे गेलेले असताना बेंचवर बसून रायफल हाताळू नका, ती रिकामी असली तरी.

वर्षभराने काय ढिलं पडतं?

फळीचे बोल्ट. पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्लाय वॉशरखाली थोडा दबतो, तेव्हा एकदा सगळे आवळा, मग वर्षातून एकदा. घराच्या बोल्टांची टोकं पायाला खड्डे पाडतात. टोक कानशीने गोल करा किंवा पायावर तिथे पोलादी पट्टीचा छोटा तुकडा वेल्ड करून घ्या. वेल्डजवळ रंगाला केसासारखी रेघ दिसली तर खरवडून पाहा, खाली तडा असू शकतो. आणि पाय घरांत घालण्याआधी त्यांवरची माती झटका. एक खडा घराच्या तळाशी राहिला की पाय पूर्ण आत बसत नाही आणि तुम्ही पुन्हा स्कोपचे माउंट आवळायला लागता.